ईशान्येचा दगड

निलंगा, ११ सप्टेंबर

प्रिय हुमा,

वर्ष उलटून गेलं, तुला एक ओळ लिहिली नाही. तू नांदेडला गेलीस तेव्हा ईदला तू आणि दिवाळीला मी पत्र लिहायचं, असं ठरलं होतं. तुझं आलं, माझंच राहिलं. रागवली असशील तर हक्क आहे तुझा.

मला इथंच काम मिळालंय. तुमच्या घरामागचा तो माळ आठवतो? कॉलेजातून आलो की तिथं सीताफळं शोधत फिरायचो. तिथं आता प्लॉटिंग होतंय आणि मी साइटवर इंजिनिअर आहे. मशीननं सगळं गवत, सगळी झुडपं खरवडून काढली. काढलेली काळी माती वरच्या अंगाला ढीग करून ठेवलीय, दुमजली घराएवढी. उघडी माती पाण्याबरोबर खाली जाऊ नये हे बघायचं काम माझं. वर आडवा चर, त्याच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा, पुढं पाणी ओढ्यात. कागदावर मी तसंच आखलं होतं.

पण भूमिपूजन आधी झालं. गुरुजींनी ईशान्य कोपरा धरला, दगड बसवला, हळदकुंकू वाहिलं. चर ओढ्यात उतरायचा तो नेमका तिथंच. मी मालकांना, अण्णारावांना, दगड सरकवा म्हटलं तर ते हसले. "मॅडम, देव सरकवता व्हय? पाणी वळवा की जरा. पाण्याला काय, वळतंय." मशीनवाला केरबा, बाभळी मुळासकट उपटणारा माणूस, तिथं चपला काढून उभा राहिला. "बाई, दुसरीकडं कुठं बी सांगा, खांदून देतो." शेवटी चर डावीकडं वळवला. तात्पुरता आहे, असं मीच माझी समजूत घातली. खरंच पटलं होतं, की मालकांशी वाद नको होता? अजून मला ठरवता येत नाही.

आता तो चर तुमच्या परसाच्या वरच्या बाजूला संपतो.

मागच्या आठवड्यातला पाऊस तसा किरकोळच. तरी चर गाळानं भरला आणि पाणी वरून वाहिलं. सकाळी धावत गेले तर तुझ्या अम्मी, माझ्या वहिदाखाला, परसात टोपली घेऊन चिखल भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "गीता बेटा, तुझ्या साइटची माती लई चांगली हाय गं. पुदिन्याला टाकून राहिले." चहा दिला. मी चहा घेत होते आणि मागच्या भिंतीकडं बघत होते. चिखलाची रेघ खिडकीपर्यंत चढली होती. आतून हात लावला तर गिलावा फुगलेला, ओला, गार. त्याच भिंतीला टेकून त्यांची खाट आहे. खाट पुढच्या खोलीत घेऊया म्हटलं तर चिडवायला लागल्या, "हुमाच्या अब्बांनी स्वतः उभी केलेली भिंत हाय. तुझं कॉलेज नव्हतं तवाची. मला काय करती ती?"

काल ढिगावर चढून पाहिलं. माथ्यावर तुमच्या घराच्या बाजूनं भेग पडलीय. हात घातला तर कोपरापर्यंत गेला, तळ लागला नाही. आज सकाळी परत पाहिली, तर कडेची माती खाली बसली होती. पाऊस नसताना. मी उगाच घाबरते का, असं स्वतःला विचारत दिवस काढला. पण दुपारपासून बिदरच्या बाजूला आभाळ काळं झालंय, वारा पडलाय, आणि खालांच्या शेळ्या परसात जायला तयार नाहीत.

फोन मुद्दाम केला नाही. तू लगेच त्यांना लावशील, त्या दोन विनोद करतील आणि तू निवांत होशील. म्हणून हे लिहून नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरकडं देते. आज रात्रीच तुझ्या हाती पडेल. हुमा, पहिल्या गाडीनं ये आणि अम्मींना घेऊन जा. माझं त्या ऐकत नाहीत. तुझी तब्येत बरी नाही म्हण, काहीही म्हण. कुणाला खोटं बोल असं मी आयुष्यात सांगितलं नव्हतं. चर सरळ केला तरी तो ढीग उचलायला आठवडा जाईल, आणि तेवढा वेळ आभाळ देईल असं वाटत नाही.

तुझीच,
गीतांजली

ता. क. उद्या उजाडताच चपला काढून, नारळ वाढवून, ईशान्येचा दगड मी स्वतः उचलणार आणि चर सरळ ओढ्यात सोडणार.