इरासाठी उजेडाची लेन्स

लातूर, ४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. विशाखाताईस,
अवधूतचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की आईच्या कानावर जातं, म्हणून लिहून राहिलो. काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ नेलीच. आता ऑपरेशनचाही उपयोग न्हाई, उरलाय तो उजेड महिनाभरात जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तिनं एकच मागितलंय, इराची फिल्म. आपली धाकटी तापानं जायच्या आधी बाबांनी गोदावरीच्या घाटावर काढलेली, पुन्हा कधीच न लावलेली. दुकानातून व्हिडिओ करून घेऊन टीव्हीवर बघितली, तर मशीनला फिल्मवरचं ऊन झेपलं न्हाई, इराच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. बाबांच्या प्रोजेक्टरवर चित्र नीट येतं, पण मंद. आई म्हणाली की अरे, तू मला अंधारच दाखवून राहिलास. कंधारच्या अर्जुनरावकाकांकडं असाच प्रोजेक्टर होता. त्याची जास्त उजेड देणारी लेन्स मिळते का बघ. ताई, मला काही सुचेना झालंय.

तुझी माया अशीच राहू दे.
अवधूत

नांदेड, ११ नोव्हेंबर

चि. अवधूतास अनेक आशीर्वाद.

शाळेत रजा टाकून कंधारला जाऊन आले. काका आता नाहीत. त्यांच्या सुनेनं, ज्योत्स्नानं, माळ्यावरून दोन लेन्स काढल्या. काकांच्या प्रोजेक्टरला दोन्ही लावून भिंतीवर चित्र बघितलं. १.६ आकडा कोरलेली आपल्यासारखीच, कोपऱ्यापर्यंत स्वच्छ, पण दिवेलागणीसारखी. १.२ ची कडेला पुसट, मधे मात्र लख्ख. आकडा लहान तितका उजेड जास्त, असं ती म्हणाली. म्हणून १.२ चीच बसच्या पार्सलनं पाठवतेय. प्रोजेक्टर भिंतीजवळ आण. चित्र लहान झालं की आणखी उजळतं. आणि जेवत जा रे, परवा फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. मी रविवारी येते, मलाही तिला बघायचंय.

आईला नमस्कार. आठवण ठेव.
ताई

लातूर, १५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

लेन्स पोचली. तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. पण काल सकाळी आईला खिडकी कुठंय ते कळेना. मी घाबरलो. दुपारीच खिडक्यांवर गोधड्या टाकून, नवी लेन्स लावून फिल्म सुरू केली. इरा कडेनं आली तेव्हा आईला दिसेना. मग ती पळत मधोमध आली आणि हसली. आईनं माझा हात दाबला. म्हणाली, थांबव. मी सांगितलं की थांबवली तर दिव्याच्या आचेनं फिल्म जळेल. ती म्हणाली, जळू दे, मला पुन्हा कुठं दिसायचंय.

मी थांबवली, ताई. चेहरा क्षणभर स्थिर राहिला, मग तपकिरी होऊन फुगला. तिच्या हसण्याचा तेवढाच तुकडा होता, तो गेला. आई शेवटपर्यंत बघत होती. आज सकाळी तिनं दिवा लावलाय का, असं विचारलं. दिवा लागलेलाच होता.

रागाव, पण बोलणं सोडू नकोस.
अवधूत

नांदेड, १९ नोव्हेंबर

चि. अवधूतास आशीर्वाद.

रविवारी आले नाही, फोनही घेतला नाही. लई रडले. मला तिचं हसू आठवतच नाही रे, आणि आता ते कुठंच नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

शनिवारच्या बसनं येतेय. आईला सांग, मी शेजारी बसेन. इरा कशी हसली ते तिनं मला सांगायचं.

ताई