रेनकोटच्या आतला फ्रॉक

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. आज कपाट आवरताना आईने तो फ्रॉक बाहेर काढला. निळ्या चौकड्यांचा, पायघोळ, पुढे बटणांची रांग असलेला. अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "बाह्या फसल्या गं माझ्या. म्हणूनच ते नको म्हणाले." इतक्या वर्षांनी हे! मी किचन टेबलाशी येऊन बसले, आणि दर रविवारी दोन-दोन पानं लिहायला लावून तुम्हीच घटवलेल्या अक्षरात तुमच्याशी भांडायला घेतलं.

ते शुद्धलेखनाचे रविवारही तुम्हीच बंद केलेत. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा खेळून दाखवणाऱ्या मंडळींत ऑफिसातल्या कुणीतरी तुम्हाला नेलं, आणि तुम्ही खुळावलात. आपण राहायचो त्या जॉर्जियात जो तो दक्षिणेचा करडा कोट मागायचा. उत्तरेच्या निळ्या बाजूला माणसं कमी पडायची, म्हणून नागपूरचा इंजिनियरही त्यांना चालला. मग शनिवार-रविवार तुमचा मुक्काम छावणीत. भर उन्हाळ्यात लोकरीचा कोट, गवतावर झोपणं, दात पडतील अशी कडक बिस्किटं. घरी वरणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारे तुम्ही, तिथली करपलेली कॉफी मिटक्या मारत प्यायचात. मंगळवारपर्यंत तुमच्या अंगाला धुराचा वास यायचा, आणि काही बोलायला यावं तर तुम्ही गॅरेजमध्ये बंदूक पुसत बसलेले.

आईने तरी हार मानली नाही. बाकीच्यांच्या बायका जुन्या काळचे झगे घालून छावणीत राहतात हे तिला कळलं होतं. तिने लायब्ररीतून पुस्तक आणलं, माहेरची इरकली साडी कापली, आणि चित्रं बघून बघून तीन आठवडे मशीन चालवलं. शनिवारी सकाळी ती तो फ्रॉक घालून, अंबाडा बांधून हॉलमध्ये येऊन उभी राहिली. टिकलीसुद्धा काढली होती. "अहो, फॅमिलीला अलाऊड आहे ना? मग मीपण येते आत." तुम्ही बुटांच्या नाड्या बांधत होतात. मान वर न करता म्हणालात, "सगळं ऑथेंटिक वाटायला पाहिजे गं. त्या काळात तिथे इंडियन बाई कुठून येणार?"

आणि इंडियन पुरुष कुठून आला होता, बाबा? तेव्हा हे कुणी विचारलं नाही. मी आज विचारते.

रविवारी आम्ही दोघी नुसतं बघायला आलो. आकाशात ढग नाही, आणि आई गळ्यापर्यंत रेनकोट बंद करून. आत तो फ्रॉक होता, तिने काढलाच नव्हता. प्रेक्षकांसाठी दोरी बांधलेली. माझ्या वर्गातली एक मुलगी, जिचे वडील तुमच्याच तुकडीत होते, दोरीपलीकडे आपल्या आईशेजारी बटाटे सोलत बसलेली. मग शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं वाचून दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला. तुम्ही पुढे येता, खिशातून कागद काढता. 'माय डिअर वाइफ', आणि पुढे तिचं एक इंग्रजी नाव. तिच्या हातच्या ब्रेडची आठवण येते म्हणे. डोळे मिटले की ती चुलीपुढे दिसते. तिच्याशी धड न बोलता निघून आलो, त्याचं मनाला लागून राहिलंय. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. आई घामाने निथळत, तुमच्यासाठी आणलेला पोळ्यांचा डबा धरून उभी होती. मला म्हणाली, "किती छान लिहिलंय ना!" पहिलं वर्ष तुम्ही इथे एकटे होतात, तेव्हासुद्धा तुमची पत्रं आजोबांच्या नावाने यायची आणि शेवटी असायचं, 'तिला सांगावे.' आणि इथे कोण कुठल्या बाईला पानभर माया! तो डबाही तुम्ही घेतला नाहीत. स्टीलचा डबा छावणीत चालत नाही म्हणालात.

तुमच्यावर चिडायला एवढं पुरेसं आहे. पुरायला हवं होतं. पण त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मी गॅरेजमध्ये आले होते. "इफ शी वेअर्स दॅट थिंग, आय विल डाय. प्लीज टेल हर नो, बाबा." वर्गातली ती मुलगी तिथे असणार होती ना. बंदुकीवरचा तुमचा हात थांबला. माझ्याकडे नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "बरं."

बरं काय, बाबा? तेरा वर्षांच्या पोरीचं हे ऐकायचं असतं? थोबाडीत का नाही दिलीत? त्यानंतर वीस वर्षं जगलात, आई त्या नकारावरून टोमणे मारत राहिली, आणि तुम्ही एकदाही माझं नाव घेतलं नाहीत. तुमचं हे गप्प बसणं मला सगळ्यात जास्त असह्य होतं.

आई आतून विचारतेय, "कोणाला लिहितेस गं एवढं?" ऑफिसचं काम आहे म्हणाले. हा कागद तिच्या हाती लागता कामा नये, म्हणून फाडून टाकणार आहे. ती त्या बाह्या उसवायला बसलीय, पुन्हा नीट लावणार म्हणते. तिला आता नीट दिसत नाही, मघाशी मीच सुईत दोरा ओवून दिला. बाह्या छान जमल्या होत्या, बाबा. तेवढंसुद्धा मी तिला अजून सांगितलेलं नाही.