टाकी खाली कुणी घ्यायला सांगितली होती?

दादा,

बाबांना मी माझ्या घरी नेतेय. अंगात ताप आहे, छाती भरलीय.

गच्चीत खुर्ची टाकून डोंगर बघता यावा म्हणून तू सोलरची टाकी पॅनेलच्या खाली उतरवलीस. अरे शहाण्या, त्याला पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, म्हणून टाकी वर लागते. आता ते पॅनेलमध्येच अडकतं आणि नळाला गारढोण पाणी येतं.

तू आंघोळ जिममध्ये उरकतोस, तुला काय कळणार. बाबा आठवडाभर त्याच पाण्याने मुकाट्याने आंघोळ करत होते. मी ओरडले तर म्हणाले, "त्याने हौसेने केलंय, त्याला बोलू नकोस."

टाकी वर चढव, मगच त्यांना न्यायला ये. ते तुला काही बोलणार नाहीत. मी बोलणार आहे.

धाकटी