चौसष्ट नंबरला दिलेला हात

शहाड, रविवार, जानेवारी १९९१

अमेरिकेहून ताईने कॅसेट पाठवली. भाच्याच्या कॉलेजने अख्ख्या हंगामात जिंकलेला एकमेव फुटबॉल सामना. तिकडचा, हातात चेंडू घेऊन पळतात तो. नियम मी स्वतः वाचून शिकलोय. भाचा चौसष्ट नंबर.

हिने टोमणा मारलाच, "अहो, चेंडूला एकदा तरी हात लावला का तुमच्या भाच्याने?"

"त्याने चेंडूवाल्याला वाट करून द्यायची असते गं."

म्हणालो खरा, पण मलाही खटकत होतंच. कॅसेट मागे घेतली. दोन धिप्पाड पोरं अंगावर घेऊन भाचा आडवा झाला. त्याच फटीतून चेंडूवाला निसटला आणि सामना जिंकला. सगळे नाचत त्याच्याकडे धावले. तो मात्र सगळ्यांना चुकवून मागे आला, आणि त्याने चौसष्ट नंबरला उठायला हात दिला. एवढा जल्लोष सोडून! मोहने गावच्या मैदानावर इतकी वर्षं कबड्डी खेळलो, असं पाहिलं नाही.

तो हात पुन्हा पाहिला. पुन्हा.

व्हीसीआर बंद करायला उठलो, तर हीच म्हणाली, "थांबा. परत लावा ना."