म्हातारीच्या पिंजऱ्यापाशी

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर माझी गाडी हवापाण्याच्या पुढे सरकत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून कागद घेतला. गेल्या महिन्यात उद्यान खात्यातली एक मुलगी घरी आली होती. आपलं प्राणिसंग्रहालय बंद होऊन बावीस वर्षं झाली, आता तिथे नुसती बाग आहे. जुन्या पिंजऱ्यांच्या जागी माहितीचे फलक लावायचे आहेत. जनावरं सांभाळणाऱ्यांपैकी मागे उरलेला मी एकटाच, तेव्हा इतिहास मीच सांगायचा. सात वर्षांची असताना तू त्या फाटकातून बाहेर पडलीस ती पुन्हा कधी आत आली नाहीस. का, ते मला माहीत आहे. तरी वाच.

त्या मुलीला सगळीकडे फिरवलं. पाणघोड्याच्या हौदात आता कमळं आहेत. माकडांच्या बेटावर बाकं टाकली आहेत, आणि बसणारे बघितले तर फारसा फरक पडलेला नाही. छोट्या आगगाडीचे रूळ गवतात अजून दिसतात. चढ आला की चालक खाली उतरून गाडी ढकलायचा आणि वर तिकीटही मागायचा, हे ऐकून ती खूप हसली. पोपटाचं सांगितलं, जो बंद होण्याच्या घंटेची हुबेहूब नक्कल करून भर दुपारी लोकांना घरी पाठवायचा. मोर सांगितला, तो पिसारा फुलवायचा तो नेमका भिंतीकडे तोंड करून. मग आम्ही अस्वलाच्या पिंजऱ्यापाशी आलो.

म्हातारी, आपली ती अस्वलीण, तुझी फार लाडकी. शेवटच्या वर्षी तिचे सांधे धरले होते. दुखण्यावरचं कडू औषध आम्ही मधात मळलेल्या कणकेच्या गोळ्यात लपवून द्यायचो, दिवसातून एकदाच, कारण तिचं काळीज अधू होतं. आमच्यापैकी लिहिता येणारे थोडे, म्हणून एक रीत होती: ज्याने औषध दिलं त्याने बादली पिंजऱ्याच्या दाराशी पालथी घालायची. बादली सुलटी दिसली तर पुढच्या पाळीवाल्याने औषध द्यायचं. त्या दुपारी गोळा मी दिला. तू माझा हात ओढत होतीस, शेवटची आगगाडी सुटत होती. मी तसाच निघालो. बादली सुलटीच राहिली. संध्याकाळी माझ्या जोडीदाराने ती पाहिली आणि रीतीप्रमाणे दुसरा गोळा दिला. सकाळी म्हातारी गेलेली होती. जोडीदाराने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मरेपर्यंत कुणाला काही बोलला नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना आपल्या टेबलापाशी उभं करून विचारलं, काल हिला बाहेरचं कुणी काही खाऊ घातलं का. तू माझ्यामागे उभी होतीस. तू पुढे आलीस आणि म्हणालीस, “मी पाव दिला होता.” त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. मी मूग गिळून गप्प बसलो. नोकरी जाईल, राहती खोली जाईल, एवढंच डोक्यात होतं. पुढे तू जेवेनाशी झालीस, तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही नाही सांगितलं. तू विसरशील असं मी स्वतःला समजावत राहिलो. पस्तीस वर्षं. मला स्वतःची लाज वाटते, चिमणे.

फलकावर खरं काय ते लिहायला त्या मुलीला सांगितलंय, माझ्या नावानिशी. पण हे पत्र फलकासाठी नाही. परवा नातीने फोनवर सांगितलं, तिला मांजरीचं पिल्लू हवंय आणि आई नको म्हणते. कारण विचारलं तर म्हणे, आई म्हणते, “माझ्या हातून जनावर जगत नाही.” फोन ठेवला आणि हा कागद काढला. तुझ्या हातून काहीही झालं नव्हतं, पोरी. पावाने अस्वल मरत नाही, हे त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मला चांगलं माहीत होतं. मला माफ करायचं की नाही, ते तू सावकाश ठरव. नाही केलंस तरी माझी तक्रार नाही. पण नातीला ते पिल्लू घेऊन दे.

तुझाच,
बाबा