पान एकशे बाराचा हक्क

मी, शाकीर इमामसाब बागवान, वय ७४, निवृत्त शिक्षक आणि पाच कादंबऱ्यांचा लेखक, राहणार विजापूर वेस, सोलापूर, हे स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडलाय. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात उरलंय तरी कोण?

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव यांचे वाटे शरीयतीप्रमाणे होतील. त्यात मी नाक खुपसत नाही.

२. शब्दकोश आणि लिहिण्याचं टेबल मित्र सोमशेखर यास. टेबलाचा एक पाय लंगडा आहे, त्याखाली माझीच दुसरी कादंबरी घातली आहे. ती काढू नये, तिचा तेवढाच उपयोग झाला.

३. बार्शीचे एक वक्ते तीस वर्षं माझी ओळख 'मुसलमान असूनही काय सुरेख मराठी लिहितात!' अशी करून देत आले. दर वेळी मी हसून शाल घेतली. माझ्या शोकसभेत त्यांच्या हाती माईक गेला तर बघा!

४. आता मुद्द्याचं. माझी रीत अशी: पहिला खर्डा पेन्सिलीने, दुसरा शाईने, तिसरा बायकोला, शबानाला, वाचून दाखवायचा. ती शेंगा फोडत ऐकायची. हात चालू राहिले की ते पान मी कापायचो. थांबले की पान जमलं. चार पुस्तकं अशीच निघाली.

पाचवं लिहीत होतो तेव्हा आमची लेक शाइस्ता नवऱ्याने टाकल्यावर माहेरी आली. आईपाशी रडत जे बोलली ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. मीही रडलो. मग लिहून घेतलं, शब्दन्‌शब्द. ते पान वाचताना शबानाचे हात थांबले. मला वाटलं, जमलं! ती थांबली होती आई म्हणून. एवढं साधं मला कळलं नाही, आणि मी म्हणे माणसं वाचणारा! नाव बदललं, पान ठेवलं. छापील पुस्तकात ते एकशे बारावं. समीक्षकांनी तेच डोक्यावर घेतलं.

शाइस्ताने पुस्तक वाचून माझ्यापुढे ठेवलं. "अब्बा, मैं तुमारे घर कू आई थी, किताब में नै," एवढंच म्हणाली आणि अक्कलकोटला नोकरी धरून निघून गेली. त्याला अकरा वर्षं झाली. आईच्या मयतीला आली, माझ्याशी बोलली नाही. मला ते लागलंय, फार लागलंय.

५. या कादंबरीचे सर्व हक्क मी शाइस्ताला देतो. एका वारसाला असं वेगळं द्यायचं तर शरीयतीप्रमाणे बाकी वारसांची संमती लागते; ती माझ्यामागे द्यायचं मुलगा ताबीश याने कबूल केलं आहे. दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशक मागे लागलाय; तिच्या लेखी परवानगीशिवाय त्याने एक ओळ छापू नये. तिने पान काढावं, नाहीतर अख्खं पुस्तक जाळावं. साहित्याचं नुकसान वगैरे कुणी तिला शिकवायला जाऊ नये.

हे मी स्वतःच का केलं नाही, असं ती विचारेल. परवा बसलो होतो की, नवी प्रत पुढ्यात घेऊन, ते पान खोडायला. तासाभराने बघतो तर पान तसंच, आणि तिचं एक वाक्य मी आणखी चांगलं करून ठेवलेलं.

लिहून ठेवणार: शाकीर इमामसाब बागवान (सही)

ही सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१) सयाजी बाबुराव गवळी (सही)
२) रफीक महंमद शेख (सही)

सोलापूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५