पडद्यामागून ऐकलेली पाटी

३ जानेवारी १९४१, मलकापूर

सिनेमाचा तंबू आला! दुपारी टांग्यातून कागद वाटत गेले. नवा बोलपट, मारामारीचा. खाली ठळक छापलंय — ‘काळ्या बुरुजाचा स्वार या जुन्या मूकपटास मुजरा. तीच उडी, तीच पाटी!’

कागद यांच्यासमोर ठेवला. यांनी त्यात वांग्याचं बी बांधलं.

४ जानेवारी

तो मूकपट आला त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा लग्नाला दोनच महिने झालेले. हे तंबूत मूकपटाच्या मधे मधे पडद्यावर येणाऱ्या लेखी पाट्या मोठ्यानं वाचायचे — सातवी पास, आवाज खणखणीत. आम्ही बायका पडद्याच्या मागच्या बाजूला. आम्हाला अक्षरं उलटी दिसायची, लावून वाचेपर्यंत पाटी गेलेली असायची. यांनी वाचलं तेच आमचं.

घरी सासू-सासऱ्यांदेखत माझ्याशी बोलायची सोय नव्हती. नवऱ्याचा आवाज पोटभर ऐकायचा तर तंबूतच! स्वार बुरुजावरून घोड्यावर उडी घ्यायचा, पाटी यायची, आणि हे वाचायचे — "दिवा ठेव. मी आलोच!" माझ्या अंगावर काटा यायचा. आणि खरं लिहू? स्वार जिला हे सांगायचा, त्या पडद्यावरच्या राजकन्येचा मला हेवा वाटायचा.

मग चित्रं बोलू लागली. वाचणारा नको झाला. तेव्हापासून हे तंबूकडे फिरकलेले नाहीत.

५ जानेवारी

आज हट्टच धरला — एकदा तरी चला. मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाले, "चित्रच बोलते आता. माहं काय काम हाय तिथं?" मी म्हटलं, तुमच्यासारखं कोणी वाचलं नाही. तर म्हणे, पाट्या काय, कोणीबी वाचते.

एवढ्या गुणी माणसानं स्वतःला असं कवडीमोल करावं! वाईट वाटलं. रागही आला.

६ जानेवारी

नाहीच म्हणाले.

७ जानेवारी

शेजारच्या शालूबाईंबरोबर जाऊन आले. आता बायकांनाही पडद्यासमोर बाकं! स्वारानं उडी घेतली आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो — चुकला, उलट्या बाजूनं घेतली! मग हसू फुटलं. उलट्या बाजूला आम्हीच बसायचो की.

नट नवा, पण फेटा तसाच बांधलेला, घोडा तसाच पांढरा. नक्कल वाटली नाही. थोरल्यांच्या पाया पडावं तसं वाटलं. उडीच्या वेळी आवाज एकदम बंद, आणि पडद्यावर जुन्या चित्रातली खरी पाटी, ओरखड्यांसकट. पहिल्यांदाच सुलटी पाहिली. वाचली.

‘वीराची अचाट उडी.’

एवढंच! दिव्याचं नावही नाही. शालूबाई म्हणाल्या, "मंग थे दिव्याचं काऊन वाचत होते वो?"

मला काय ठाऊक! घरी येईपर्यंत धुमसत होते. भर तंबूत आम्हाला फसवायचे म्हणजे!

८ जानेवारी

सकाळी मळ्यातच गाठलं. पाटीवर नव्हतं ते का वाचायचात? यांनी तोडलेलं वांगं टोपलीत टाकलं. मग मान वर न करता म्हणाले, "थ्या राजकन्येले नोहतो सांगत. पडद्यामांगं तू होती ना. घरी तुह्याशी बोलू कोन देत होतं?"

म्हणजे मी माझाच हेवा करत होते!